बैठक नसलेली खुर्ची

“खुर्ची जागेवर आहे. बैठक तेवढी गेली!” धाकटी धापा टाकत म्हणाली.

खासगी तपास करणाऱ्या बाईंना गल्लीत सगळे ‘दुर्बीणबाई’ म्हणत. त्यांनी तिला आधी पाणी दिलं. त्यांचे दीर, म्हणजे भावोजी, हसले. “नुसती बैठक नेऊन चोर ती ठेवणार कशावर?”

धाकटीला हसू आलं नाही. ती आणि तिची थोरली जाऊ मिळून जुन्या वस्तूंचं दुकान चालवत. दुपारी ती एकटीच होती. मागे कप विसळायला गेली, परतली तर खुर्चीची वेताने विणलेली बैठक गायब.

“जाऊबाई म्हणतात, मीच परस्पर कुणाला तरी दिली. संध्याकाळी खुर्ची न्यायला गिऱ्हाईक यायच्या आत मिळाली नाही, तर उद्यापासून दुकान वेगळं. नऊ वर्षं झाली हो आम्हाला!”

दुकानात थोरली तोंड फिरवून उभी होती. दुर्बीणबाईंनी खुर्ची न्याहाळली. लख्ख पुसलेली, कुठे डाग नाही. बैठकीची चौकट नुसती उचलली की निघणारी. खुर्चीच्या हातावर नुसता एक दोरा लोंबत होता.

“याला काय होतं?”

“कार्ड,” थोरली म्हणाली. “वस्तू ज्याच्याकडून घेतो, त्याला विचारून कारागिराचं नाव लावतो आम्ही. आज सकाळीच लावलं होतं.”

दुपारी तिघे दुकानाकडे फिरकले होते. दुर्बीणबाई भावोजींना घेऊन एकेकाकडे गेल्या.

घड्याळजी ठणकावून म्हणाले, “दुरुस्त केलेलं घड्याळ ठेवलं आणि निघालो. त्या खुर्चीच्या घाटावर जीव आहे माझा. नेली असती तर अख्खी नेली असती!”

सुरईवालीचे हात कोपरापर्यंत मातीने लडबडलेले होते. “दुपारीही अशीच आले होते, बाहेरूनच हाक मारली. या हातांनी कशाला शिवले, तर थोरल्या बाई मला जित्ती ठेवतील का?”

वेतवाल्या काकांच्या बोटाला चिंधी होती. “आठ दिवस विणकाम बंद आहे बघा.”

“अरेरे,” म्हणत भावोजी मागे सरकले आणि त्यांचा पाय थेट बादलीत गेला.

“अहो, पट्ट्या आहेत त्यात!” काका ओरडले.

“भिजवता कशाला?” दुर्बीणबाईंनी विचारलं.

काका खुलले. “कोरडा वेत वाकवला की मोडतो. तासभर भिजला की हवा तसा वळतो. पण रात्रभर राहिला तर काळा पडतो.”

बाईंनी एक पट्टी उचलून पाहिली. पिवळीधमक होती.

थोड्या वेळाने त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं.

“भावोजी, चोराला खुर्ची नको होती, फक्त वीण हवी होती. म्हणजे घड्याळजी नव्हेत. सुरईवालीने हात लावला असता, तर खुर्चीवर माती दिसली असती.”

“मग कार्ड कशाला नेलं?” भावोजींनी विचारलं.

“स्वतःचं नाव तिथे नको होतं म्हणून! काका, आठ दिवस काम बंद, मग आजच्या ताज्या पट्ट्या कुणासाठी भिजत घातल्यात?”

काकांनी बोटाची चिंधी सोडली. बोट धडधाकट होतं.

“माझी पहिलीच बैठक ती. मधोमध एक पट्टी वरून जायची, ती खालून गेलीय. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, आणि आज दुकानाच्या दर्शनी काचेत माझ्या नावासकट! संध्याकाळच्या आत नीट करून गुपचूप ठेवणार होतो. हिच्यावर आळ आलाय हे आत्ता कळतंय. चुकलो गं पोरी.”

“काका, मागितली असती तर हातात आणून दिली असती,” धाकटी म्हणाली.

तेवढ्यात गिऱ्हाईक दारात आलं. “खुर्ची तयार आहे ना?”

थोरली धाकटीजवळ जाऊन उभी राहिली. “कधी मिळेल ते हिला विचारा. दुकान आम्हा दोघींचं आहे.”

धाकटीने डोळे पुसले. “परवा सकाळी या,” ती म्हणाली आणि थोरलीकडे वळली. “आणि तुम्ही आठवडाभर मी सांगेन ते ऐकायचं.”

“बरं बाई,” थोरली म्हणाली. “सांग.”