कोनेवाडीच्या वडातला हिंग

"दिवस मावळायच्या आत गाव आमाला हाकलणार हाय," हरणाबाई म्हणाली. सांगलीत खासगी तपासनीस केळवकरांच्या बैठकीत ती तीनदा उठून बसली होती. चहा तसाच निवला होता.

तिचा सासरा कोंडीबा मेंढपाळ. कोनेवाडीला त्यानं साठ वर्षांमागं वड लावला आणि कावडीनं पाणी घालून जगवला. तेव्हापासून पावसाळ्यात त्यांच्या मेंढरांचा तळ त्या झाडाखाली. आता ऐन श्रावणात वडाची पानं पिवळी पडून गळत होती. बुंध्यात भोक सापडलं, आत हिंग ठासलेला. हिंगानं झाड वाळतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मेंढरांच्या पोटफुगीवर हिंग बाळगत होता हरणाबाईचा मुलगा धुळा.

"झाड मेलं की लाकूड आमी मागणार, आसं लोक म्हणत्यात."

केळवकरांनी टोपी घातली. त्यांचे मित्र चौगुले कुरकुरत स्कूटर काढायला उठले. त्यांचा चहा अर्धाच झाला होता.

कोनेवाडीत वडाच्या बुंध्यावर यंदाच्या वटपौर्णिमेचे विटके दोरे होते, कमरेएवढ्या उंचीवर, शेकड्यांनी. पावसानं चिखलाची बुजवण ओघळून भोक उघडं पडलेलं. चौगुले नाक खुपसायला गेले, पण भोकावरून दोरे इतके घट्ट आडवे होते की नाक शिरेना. केळवकरांनी दोन दोऱ्यांच्या फटीतून काडी घातली. काडीला हिंगाचा वास होता.

"आमी आखाडात आलो कोकणातनं," धुळा म्हणाला. "आज्याचं झाड मी का मारू?"

केरबा सुतार नजर चुकवत होता. "भोक पाडायचं गिरमिट माझं, पर ते गावभर फिरतं. मी चैतापासनं माधवनगरला गिरणीत हुतो. आखाडात परत आलो."

वडाच्या बांधाला लागून गावातल्या आप्पासोंचा ऊस. वडाच्या सावलीतल्या चार सऱ्या गुडघ्याएवढ्या, बाकीचा ऊस डोक्यावर गेलेला.

"धनगराला हाकला, म्हंजे मिटलं," आप्पासो म्हणाले.

त्यांची बायको अंजना पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"वहिनी, वड तुमच्याच बांधाला. दोरा गुंडाळायला तुम्हीच पहिल्या असाल?" केळवकरांनी विचारलं.

"दरसाली मीच पयली. यंदा फांदी आणून घरीच पुजली. पाय मुरगाळला हुता."

"कुठला?"

अंजनानं दोन्ही पायांकडं पाहिलं. "डावा," ती म्हणाली आणि घाईनं आत गेली.

चौगुल्यांना त्यात काहीच दिसलं नाही. त्यांना भूक लागली होती.

ऊन कलताच गाव वडाखाली जमलं. हरणाबाई बसेना, ती मेंढरांकडं बघत येरझारा घालत होती.

"भोक दोऱ्यांच्या खाली आहे," केळवकर म्हणाले. "वरून गिरमिट फिरवलं असतं, तर दोरे त्यात गुंतून तटातट तुटले असते. एकही तुटलेला नाही. म्हणजे भोक ज्येष्ठातल्या वटपौर्णिमेआधी पडलं, आणि बायकांनी नकळत त्यावर दोरे गुंडाळले. तेव्हा धुळा कोकणात होता, केरबा माधवनगरला."

"मग कोण?" चौगुल्यांनी विचारलं.

"ज्याच्या चार सऱ्या सावलीत खुरटल्या. सावली कुणाला नको होती, ते उसानंच सांगितलं. पण माझी खात्री पटली ती मुरगाळलेल्या पायानं. कुठला पाय, हे आठवायला लागत नाही. दरसाली पहिली येणारी बाई यंदा वडाकडं फिरकली नाही, कारण आत काय आहे हे तिला ठाऊक होतं."

आप्पासो ताडकन उठले. "बाईमाणसाला मधी आणू नका."

"आवं, बसा," अंजना म्हणाली. "मी बघितलं हुतं तुमाला. जे झाड आपुनच मारायला घेतलं, त्याच्याकडं तुमचं आयुक्श कसं मागू? घरीबी फांदी आणली न्हाई मी. यंदा तुमच्यासाठी कुणीच काय मागितलं न्हाई."

आप्पासोंनी वर पाहिलं. एक पिवळं पान गळून त्यांच्या पायाशी पडलं आणि ते झटकन मागं सरले. धुळाला हाकलण्याचं आता कुणी बोलेना.

"झाड वाचंल का?" आप्पासोंनी विचारलं. विचारलं तेही केळवकरांना नाही, हरणाबाईला.

हरणाबाई तळावर गेली आणि सासऱ्याची जुनी कावड आणून तिनं त्यांच्यापुढं ठेवली.

"आदी भोक धुवा," ती म्हणाली. "मग रोज पाणी घाला. आमच्या सासऱ्यानं दोन वर्सं घातलं हुतं."

आप्पासोंनी कावड खांद्यावर घेतली आणि ते विहिरीकडं निघाले.