‘मैत्री’ चढावरच का थांबते?

राहनाळच्या अलीकडच्या चढावर ‘मैत्री’ पुन्हा बंद पडली, आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो उचललाच नाही.

“उतरा खाली,” रवींद्र वैतागून म्हणाला. “आणि काय झालं म्हणून कुणी विचारू नका. मला ठाऊक असतं तर इथे उभा राहिलो असतो का?”

सुगत, त्याची धाकटी बहीण निशा आणि शेजारची सना मुकाट्याने उतरली. ‘मैत्री’ ही सुगतच्या बाबांची, म्हणजे रवींद्रची, डिझेल पिकअप. सनाच्या अब्बांच्या, म्हणजे खुर्शीदचाचांच्या लूमवरचं कापड राहनाळच्या गोदामात पोचवणं हे तिचं रोजचं काम. सुट्टी लागल्यापासून मुलंही सोबत जात. पण हल्ली गोदाम राहायचं बाजूला, त्यांची सहल या चढावरच अडकायची.

गंमत म्हणजे थोडा वेळ उभी राहिली की बाईसाहेब आपोआप सुरू! मग पुढच्या चढापर्यंत ठीक.

संध्याकाळी भूपेश मेकॅनिकच्या गॅरेजात सगळे जमले. गाडी बिघडली की भिवंडीत सल्ला द्यायला कुणाला बोलवावं लागत नाही. चहावाला म्हणाला बॅटरी बघा. पानवाला म्हणाला गाडीला नजर लागली. अंजूरहून आलेले दामूकाका, म्हणजे रवींद्रचे थोरले भाऊ, बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, “मला ठाव हाय. डिझेलच खराब हाय.” ते आदल्या आठवड्यातही हेच म्हणाले होते.

भूपेशने स्कॅनर लावला. “बघा, प्रेशर पडतंय. टाकीतून इंजिनाला डिझेल पुरेशा जोराने पोचत नाही. फिल्टर मी दोनदा बदलला. आता पंपच गेला. नवा टाका.”

“नवा पंप मला झेपायचा नाही,” रवींद्र म्हणाला. “उद्या सकाळी कल्याणचा जुन्या गाड्या घेणारा येतोय. देऊन टाकतो ही ब्याद. मी जातो परत ट्रेलरवर.”

सुगतला ट्रेलरचे दिवस आठवले. ‘मैत्री’ घेण्याआधी बाबा दुसऱ्यांचे ट्रेलर चालवायचे. आज गुजरात, उद्या चेन्नई. एकदा ते इतक्या दिवसांनी घरी आले की छोट्या निशाने आईला हाक मारून सांगितलं होतं, “आई, कुणीतरी काका आलेत.” ते आठवून बाबा आजही हसत नाहीत.

“बाबा, पंप गेलाय तर गाडी आपोआप परत सुरू कशी होते?” सुगतने विचारलं.

“मोठ्यांच्या मधे बोलू नकोस,” रवींद्र, दामूकाका आणि भूपेश तिघेही एकदम म्हणाले. आठवडाभर या तिघांचं एकमत झालं नव्हतं, ते नेमकं इथे झालं.

मुलं समोरच्या गाडीवर कोकम सरबत प्यायला गेली. सना वैतागून स्ट्रॉ चावत होती. “ओढलं की पुदिन्याचं पान येऊन स्ट्रॉला चिकटतंय. सरबत येतच नाही. सोडलं की पान खाली.”

सुगत तिच्या ग्लासाकडे बघतच राहिला. “परत ओढ.”

“वेडा आहेस का?”

“ओढ ना!”

पान चिकटलं. सना थांबली. पान सुटून खाली गेलं.

“तसंच होतंय,” सुगत म्हणाला. “चढावर इंजिन जोरात डिझेल ओढतं, तेव्हा टाकीत काहीतरी नळीला चिकटतं. गाडी बंद पडली की ते सुटतं.”

“पण टाकीत पुदिना कुठून येणार?” निशा म्हणाली.

पुदिना नाही, पण काय? टाकीचं झाकण कधीच पेट्रोल पंपावर राहून गेलं होतं. तोंडातली जाळीही तुटलेली. नवं झाकण आणायचं काम रवींद्र रोज उद्यावर टाकत होता. तोवर तोंडात कापडाची चिंधी. लूमच्या गावात चिंधीला काय तोटा?

तेवढ्यात निशाने सनाच्या मोबाइलमधले सुट्टीच्या पहिल्या दिवसाचे फोटो उघडले. “हे बघ. तेव्हा टाकीच्या तोंडाला लाल काठाची चिंधी होती. आता निळ्या काठाची आहे.”

तिघं धावत दामूकाकांकडे गेली.

“निळी व्हय? मीच कोंबली,” दामूकाका म्हणाले. “तोंड उघडं होतं. धूळ जाईल म्हनून.”

“मग लाल कुठे गेली?”

“नेली असंल कुनी.”

“काका, भिवंडीत चिंधी कोण चोरतं?” सनाने विचारलं. “दारोदार ढीग पडलेत.”

दामूकाकांनी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.

आता भूपेशला सांगायचं कसं? सरळ सांगितलं असतं तर त्याने हाकलून दिलं असतं. सुगत अगदी गरीब चेहरा करून त्याच्यापुढे उभा राहिला. “भूपेशकाका, पंपाचं बाबांना अजून पटत नाहीये. टाकीची नळी काढून कॅनमधल्या डिझेलवर इंजिन चालवून दाखवा ना. तरी प्रेशर पडलं की त्यांचं तोंडच बंद.”

“आत्ता दाखवतो,” भूपेश ताठ झाला. त्याने नळी कॅनमध्ये सोडली, इंजिन सुरू केलं, ॲक्सिलरेटर दाबला. स्कॅनरवरचा आकडा जागचा हलेना. त्याने आणखी दाबलं, बराच वेळ दाबून धरलं. ‘मैत्री’ मजेत घुमत राहिली.

“म्हणजे पंप ठणठणीत आहे,” रवींद्र सावकाश म्हणाला.

“आणि बिघाड टाकीत आहे,” सुगत म्हणाला. मग मात्र त्याने सगळं सांगून टाकलं, पुदिन्यासकट. या वेळी मधे कुणी बोललं नाही.

टाकी रिकामी करून भूपेशने तारेचा आकडा आत घातला. लाल काठाची, डिझेलने लिबलिबीत झालेली चिंधी बाहेर आली. आपल्या कापडाची काळजी म्हणून आलेले खुर्शीदचाचा पुढे झाले. “अरे, ये तो मैंने लगाई थी! तोंड खुल्लं होतं ना.”

“तेव्हाही उघडं होतं?” निशाने डोळे बारीक केले. “भूपेशकाका, परत आकडा घाला.”

आतून चौकड्यांचा एक तुकडा निघाला. तो मात्र सगळ्यांनी ओळखला. रवींद्रच्या जुन्या लुंगीचा होता.

“मला वाटलं, दामूदादाने काढून टाकली,” रवींद्र पुटपुटला.

म्हणजे खड्ड्यांत गाडी आदळायची, चिंधी आत पडायची, आणि तोंड उघडं दिसलं की पुढचा शहाणा माणूस मायेने आणखी एक कोंबायचा. कुणी कुणाला विचारायचं नाही.

“पोरांनो, मी दोन फिल्टर उगाच बदलले,” भूपेश डोकं खाजवत म्हणाला. “तुम्ही एका सरबतात काम केलंत. मानलं बाबा.”

“हुशार हायत आमची पोरं,” दामूकाका म्हणाले, जणू त्यांनीच शिकवलं होतं.

टाकी धुऊन झाली. चढावर एक चक्कर मारून आल्यावर रवींद्रने फोन लावला. “उद्या येऊ नका. नाही, किमतीचा प्रश्न नाही. गाडी विकायची नाही.” मग तो सुगतजवळ आला आणि त्याचा खांदा त्याने घट्ट धरला. “ट्रेलरवर जाणार नाही ना?” सुगतने विचारलं. “नाही रे,” बाबा म्हणाले.

“हात पुसायला एखादी चिंधी आहे का?” भूपेशने विचारलं.

रवींद्र, दामूकाका आणि खुर्शीदचाचा, तिघांनीही खिशातून एकेक चिंधी काढली.

निशा धावत जाऊन टाकीच्या उघड्या तोंडावर तळवा ठेवून उभी राहिली. “आधी झाकण आणा,” ती म्हणाली. “तोवर मी इथून हलणार नाही.”

रवींद्र त्याच पावली झाकण आणायला गेला.