खारफुटीतून आलेली हाक

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल पुढची पोस्ट वाचावी. तुमच्या लाइक्सचं मला लोणचं घालायचं नाही.

मागच्या वर्षीचा, सुट्ट्यांमधला शनिवार. आमच्या गावाला समुद्र आहे आणि खाडीपलीकडे खारफुटीचं अभयारण्य. मी तिथे पर्यटकांना बोटीतून फिरवतो.

पर्यटक ही काय चीज असते, ते मला विचारा. जंगलात शिरले की मोबाइलवर गाणी लावतात, वेफर्सची पाकिटं पाण्यात टाकतात आणि वर विचारतात, "प्राणी कुठायत?"

अरे, तुमचा गोंगाट ऐकून मीही पळालो असतो.

यांना खरं जंगल दाखवून उपयोग नाही. गाढवाला गुळाची चव काय! म्हणून आम्ही घरचाच बिबट्या ठेवला होता.

बिबट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, बारक्या. शेवटच्या फेरीआधी तो छोट्या होडीतून पुढे जाऊन खारफुटीत लपायचा. मी वल्हं बोटीच्या काठावर आपटलं, की तो रिकाम्या डब्यात तोंड घालून गुरगुरायचा. भल्याभल्यांची दातखीळ बसायची. फसवणूक म्हणायचं तर म्हणा.

त्या संध्याकाळी बोटीत एक गॉगलवाले काका होते. सूर्य बुडाला तरी गॉगल डोळ्यांवरच.

"यापेक्षा टीव्हीवर चांगलं दिसतं," ते बायकोला म्हणाले.

मी इंजिन बंद केलं आणि वल्हं आपटलं.

काहीच नाही...

एकही बगळा नाही. किडेसुद्धा गप्प.

पुन्हा आपटलं.

गुरगुर आली... पण झाडांतून नाही. बोटीच्या अगदी खालून.

"वा! स्पीकर कुठे लपवलाय?" काकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं डोकंच फिरलं. बारक्या जास्तीचा शहाणपणा करून पाण्यात उतरला, असं मला वाटलं. मी ओरडलो, "बारक्या, बास कर! ये इकडे!"

गुरगुर थांबली.

मग बऱ्याच वेळाने खारफुटीतून आवाज आला...

"बारक्या... बास कर... ये इकडे..."

आवाज माझा होता.

प्रतिध्वनी म्हणू नका. चिखलात आणि पानांत आवाज घुमत नाही, जिरतो. आणि हा तर एकेक शब्द शिकल्यासारखा बोलत होता.

मी बोट फिरवली. धक्क्यावर बारक्या बसलेला.

"दादा, होडीला भोक पडलंय. मी गेलोच नाही. किती फोन लावले तुला!"

मी सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "तू पण पर्यटक झालास की रे!"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो अंगणातून आत आला. "कशाला हाका मारतोयस?"

मी तर आतच होतो. शर्टाचं बटण शिवत.

तेव्हा मात्र मी त्याला बजावलं, "माझी हाक आली तरी जायचं नाही. मी समोर दिसलो तरच."

"बरं बरं, भित्री भागूबाई," तो म्हणाला.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी बोट बांधून घरी आलो. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"एकटाच? बारक्या कुठाय?"

"मला काय माहीत?"

"अरे, आत्ता तूच तर हाक मारलीस. दादा चिडलाय म्हणाला, आणि धावत गेला..."

बारक्या अजून सापडलेला नाही. तो कसला आवाज होता, मला माहीत नाही. हल्ली गॉगलवाल्यांचे जातभाई येऊन हसत हसत विचारतात, "ती भुताची हाक ऐकवता का हो?" एकेकाला पाण्यात ढकलावंसं वाटतं.

बारक्या गेला त्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या बोटी खाडीत उतरल्या होत्या. बोटवाले, वनरक्षक, शेजारी, सगळे बारक्याच्या नावाने ओरडत होते.

पलीकडून माझा आवाजही त्याला बोलवत होता. अगदी मायेने...

मी एकटाच बोटीत तोंड दाबून बसलो होतो.

मीही हाक मारली असती, तर त्याने कुठल्या दादाकडे यायचं होतं?