'येते' म्हणून गेलेली

मराठी मंडळाच्या तालमीला अनया चुकून तासभर आधी पोहोचली. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या त्या कम्युनिटी सेंटरमध्ये शेजारच्या खोलीत कुणीतरी पियानो वाजवत होतं, आणि तेही बेताल. नागपूरला सात वर्षं तबला शिकलेली ती, तिला कुठलं राहवतंय!

"समेच्या आधीच हात पडतोय तुमचा," ती दारातूनच म्हणाली.

"लॅटिन जॅझ आहे. यात बेस, म्हणजे खालचे सूर, ठोक्याच्या आधीच येतो," तो हसला. "मी परीक्षित. तू?"

इथेच, जवळच्या फ्रीमाँटमध्ये वाढलेला, नोकरी सोडून क्लबांमधून वाजवणारा, स्वतःच्या रचना बांधणारा. पण पहिल्याच भेटीत 'तू'? जवळीक म्हणावी, की मराठी कच्चं? अनयाचा गोंधळ उडाला. पुढचे पाच गुरुवार ती तासभर आधीच येत राहिली... चुकून.

सहाव्या गुरुवारी ती आली, तेव्हा तो पियानोसमोर नुसताच बसला होता.

"न्यूयॉर्कच्या बँडने बोलावलंय. संडेची फ्लाइट आहे."

"अरे वा, छान की," ती म्हणाली. मनात 'जाऊ नकोस' असताना आपण हे काय बोललो, तिचं तिलाच कळेना.

"फक्त छान?" तो वैतागला. "तुझं काही समजत नाही, यार. तालमीला जाताना 'येते' म्हणतेस आणि येतच नाहीस. पहिल्या दिवशी सेंटर बंद होईपर्यंत वेट केला मी."

"अरे वेड्या... आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणजेच जाते."

"आणि मी त्यावर ट्यून लिहिली. 'येते' नावाची." त्याने थोडी वाजवली, मध्येच थांबला. "एंड सापडत नाही." मग झाकण लावून तो उठला. "चल, जातो मी."

"जातो नाही म्हणायचं."

"येतो म्हटलं, तर खरंच यावं लागेल."

"मग यायचं," त्याची बाही धरून ती हळूच म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "अनया, मी परत आलो तर तू माझ्याशी—"

"हो."

"प्रश्न तरी पूर्ण करू दे."

"तुझ्या जॅझमध्ये आधीच यायचं असतं ना?" तिचे कान तापले होते. आवडत होता तो तिला, फार आवडत होता, आणि आता ते लपवायचा तिला कंटाळा आला होता.

"येतो," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

"अरे, 'येतो' म्हटल्यावर जायचं असतं," अनया म्हणाली. पण त्याची बाही तिने अजून सोडलीच नव्हती.