चढवलेला आकडा

हौसाबाई शिंगाडेंनी छातीवर श्वासपट्टा बांधला आणि तालुक्याच्या दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालायला सुरुवात केली. अठरा वर्षं खडी क्रशरवर काढल्यानं त्यांच्या फुप्फुसांत धूळ बसली होती. दोन महिन्यांपूर्वी मोरीपर्यंत जातानाही त्यांना धाप लागे. आता आठवड्यातून तीनदा इथे व्यायामाला येऊन त्या सहा मिनिटांत तीनशे मीटर चालत.

पट्टा रक्तातला ऑक्सिजन मोजायचा, आकडा मनगटावर दाखवायचा आणि कानात बोलायचा, "चौऱ्याण्णव. छान. ओठांचा चंबू करून श्वास सोडा."

हेच हौसाबाईंना खटकत होतं. कितीही दम लागला तरी आकडा चौऱ्याण्णवच्या खाली येत नव्हता. धुळीनं काही होत नाही, असं क्रशरचा मुकादमही इतक्याच गोड आवाजात सांगायचा.

त्या दिवशी फेरी संपताच त्यांनी आपली फेरी आटोपून बाकावर बसलेल्या गुरवमास्तरांचं बोटाला लावायचं जुनं यंत्र मागून घेतलं. मनगटावर चौऱ्याण्णव, बोटावर नव्वद. पुन्हा लावून पाहिलं. तेच.

मास्तरांना यंत्र परत देऊन त्या थेट आतल्या खोलीत, व्यायाम घेणाऱ्या शबाना मुजावरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, दोन यंत्रांतलं खोटं कोण बोलतंय?"

शबानानं आधी दार लोटलं. "पट्टा," ती म्हणाली. "मावशी, दम लागला की माणूस घाबरून बसतो. बसून बसून पाय दुबळे होतात, मग चार पावलांनाही धाप लागते. म्हणून पट्टा आकडा थोडा चढवून दाखवतो. पण खरा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला, की तो तुम्हाला थांबवतोच."

"मला आधी का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर उपयोगच झाला नसता."

"क्रशरवर बी असंच व्हतं. आमचं भलं कशात, ते दुसऱ्यालाच ठावं."

शबाना वरमली. तिनं संगणकावर काही बदललं. "आता खरा आकडा दिसेल."

थोडं बसून हौसाबाई पुन्हा व्हरांड्यात चालायला निघाल्या; शबाना दारात उभी राहिली. त्र्याण्णव. एक्याण्णव. नव्वद. छातीत धडधडलं, हात भिंतीकडे गेला. बसावंसं वाटलं. पण ओठांचा चंबू करून त्यांनी श्वास सोडला आणि पाऊल पुढे टाकलं. सहा मिनिटं संपली तेव्हा दोनशे नव्वद मीटर झाले होते.

"बघा, खरं कळूनही चाललात," शबाना म्हणाली.

हौसाबाई मनगटाकडे बघत राहिल्या. आकडा ब्याण्णववर चढला होता. बाकावर कोणी नव्हतं. गुरवमास्तर आपलं यंत्र घेऊन केव्हाच घरी गेले होते.

"मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "हा तरी खरा कशावरनं?"