मायाच्या पत्रिकेचं चौथं प्रूफ

"पूर्ण पत्रिका ह्याच अक्षरात पाहिजे मले," तो म्हणाला.

त्यानं बोट ठेवलं होतं ते माझ्या लाडक्या इटालिकवर — कलमानं काढल्यासारखं, ऐटीत उजवीकडं झुकलेलं, लांब लहरी शेपट्यांचं. महाल भागातल्या लग्नपत्रिकांच्या दुकानात मी अक्षरं जुळवते. अशी नजर असलेलं गिऱ्हाईक महिन्यातून एखादंच येतं.

"पूर्ण नाही जमत."

"काहून?"

"हे अक्षर अत्तरासारखं आहे. मनगटापुरतं लावायचं, अंघोळ नाही करायची त्यानं. नावं ह्यात लावू. बेसा गावातल्या हॉलचा पत्ता सरळ अक्षरात. नाहीतर उमरेडचे पाहुणे शेपट्या सोडवत राहतील, न् इकडं पंगती उठून जातील!"

तो मोकळं हसला. कामठीचा प्रशिक. बहिणीचं, मायाचं लग्न होतं. बघणं इतकं सरळ, की मीच खाली पाहिलं...

दुसऱ्या दिवशी तो प्रूफ बघायला आला. मायाच्या नावाची शेपटी चौकटीला घासत होती. त्यानं दाखवलं, मी दुरुस्त केलं. तिसऱ्या दिवशी दोन नावं एकमेकांना चिकटलेली. चौथ्या दिवशी पत्ताच तिरपा! आता खरं सांगते — पहिली चूक चुकून झाली होती. बाकीच्या मी ठेवल्या. प्रूफवर गिऱ्हाईकानं 'ओके' लिहून सही केली, की पत्रिका मशीनवर जाते आणि गिऱ्हाईक आपल्या वाटेनं. मला तो जायला नको होता. बस.

पाचव्या दिवशी, चौथ्या प्रूफवर मी नवरीचं नाव इटालिकमध्ये लावलं आणि नवरदेवाचं जाड ठोकळ्या अक्षरात. माया नटूनथटून झुकलेली, अन् शेजारी नागसेन हवालदारासारखा ताठ! कोणाच्याही डोळ्यांत भरलं असतं.

प्रशिकनं प्रूफ पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आणि... 'ओके' लिहून सही केली. "येतो," म्हणाला, अन् पायऱ्या उतरून गेला.

"झालं का वं मयुरा एकदाचं?" आमचे मालक ताराचंदभाऊ कागदासाठी हात पुढं करून उभे. आत मशीन सुरू झालं होतं.

गप्प राहिले तर मायाची पत्रिका बिघडणार. बोलले तर माझी चोरी उघडी पडणार. मी कागद उचलला आणि धावत सुटले.

तो खालीच उभा होता. गाडीला किल्लीसुद्धा लावली नव्हती.

"सही खोडा! चूक आहे त्यात. मी... मुद्दाम ठेवली. कालची पण. परवाची पण."

"माहीत आहे मले."

"मग सही काहून केली?"

"तुमी थांबवता का नाही, ते पाह्यचं होतं."

"न् नसतं थांबवलं तर?"

"तर मीच आलो असतो वर, ताराचंदभाऊंचे पाय धराले." त्याचे कान लाल झाले होते. "मयुरा, मले तुमी आवडता. पत्रिका तर आज छापून होऊन जाईल... उद्या काय बहाणा करून येऊ?"

धाप लागलेली, केस विस्कटलेले, हातात चुरगळलेलं प्रूफ — आणि तरी मला हसू आवरेना.

"बहाण्याबिगर ये ना," मी म्हणाले.