पलंगाखालचे फुगे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध उतू गेलं तरी मी पहिल्यांदा कोण कुठे उभं होतं ते विचारते. त्यामुळे लेकीच्या वाढदिवशी दुपारी तिच्या पलंगाखाली फुगवलेले फुगे दिसले, तेव्हा माझ्या डोक्यात भूतबीत आलंच नाही. नणंद आली.

लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. नाव भिंगरी, पण चार पावलं पळाली की धाप लागायची. दमा, अगदी तान्हेपणापासून. मागचा वाढदिवस दवाखान्यात गेला, तोंडावर मास्क लावून. तेव्हा ठरवलं होतं, पुढचा घरीच करायचा, धूमधडाक्यात. फक्त तिला फुगे फुगवू द्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते काम नवऱ्याचं, तो कामावरून आल्यावर. तोवर फुग्यांचं पाकीट मी कपाटावर ठेवलं होतं.

नणंद हॉलमध्ये खुर्चीवर चढून झिरमिळ्या लावत होती.

"ताई, हिला फुगे तुम्ही काढून दिलेत?"

"मी? अगं, सकाळपासून या चिकटपट्टीशी झटापट चाललीये माझी."

"मग काय आपोआप फुगले?"

"सुरू झाली तुझी चौकशी! लेकीलाच विचार ना."

भिंगरी खोलीत रंगीत कागद कापत बसली होती. मी तिच्या छातीला कान लावला. घरघर नाही, शिट्टी नाही. या नव्या घरात आल्यापासून दम्याचा पंप फारसा लागलाच नव्हता. इथली हवा मानवली म्हणून मी वेड्यासारखी खूश होते.

"कुणी फुगवले गं?"

"त्यानं."

"बाबांनी?"

"नाही गं. पलंगाखालच्यानं. तो फुगवतो, मी आतली हवा ओढून घेते. मग छातीत दुखत नाही."

मला भीती नाही, रागच आला. कुणीतरी पोरीच्या डोक्यात काहीबाही भरवलंय! मी एक फुगा ओढला आणि तिच्याच कात्रीनं फोडला. गार, कोंदट हवा तोंडावर आली. कित्येक वर्षांत न उघडलेल्या ट्रंकेचा वास.

मागे धप्पकन आवाज झाला. भिंगरी जमिनीवर पडली होती, ओठ निळे. मी पंप मारला, परत मारला. काही उपयोग नाही. "ताई, गाडी बोलवा!" मी किंचाळले. तेवढ्यात ती सरपटत पलंगाखाली गेली, एका फुग्याची गाठ सोडून तो तोंडाला लावला. गालांवर रंग आला.

दारात नणंद उभी होती. तिनंही सगळं पाहिलं होतं. "मी... मुलं आली की बाहेरच थांबवते," एवढंच बोलून तिनं दार ओढून घेतलं.

फुगा कितीही घट्ट बांधा, तो मऊ पडतोच. उरलेले फुगे सुरकुतायला लागले होते. मग माझी लेक श्वास कशावर घेणार? दुसरं काही सुचेना. खरं सांगते, मी हात जोडले.

"त्याला सांग... अजून फुगव म्हणावं."

भिंगरी वाकून ऐकत राहिली. मग तिनं एक रिकामा फुगा माझ्यापुढे धरला.

"त्याचा संपत आलाय. तो म्हणतो... आता तू."

मी फुंकलं. गाल दुखेपर्यंत फुंकलं. फुगा लोंबतच राहिला. भोक नव्हतं, पण माझा श्वास कुठेतरी जात होता, कुणीतरी तो घटाघटा पीत होतं. आणि पलंगाखाली एक सुरकुतलेला फुगा हळूहळू टम्म होत होता...

बेल वाजली. पोरांचा गलका झाला. भिंगरी उठली आणि पळाली. हॉलमध्ये तिची पावलं सगळ्यांच्या पुढे धावत होती, एकदाही न थांबता, तिचं हसू इथवर ऐकू येत होतं. मला रडू फुटलं. तिला पळताना बघायचं होतं. पण फुगा ओठांवरून निघेना. हाक मारायला गेले, तर आवाजच नाही.

तेव्हा पलंगाखालून कुणीतरी, अगदी माझ्या आवाजात, तिला हाक मारली.

भिंगरी धावत आत आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. पलंगापाशी वाकली आणि लाडात म्हणाली,

"काय गं आई?"